बारा नंबरचा शर्ट

मुली त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. शाळेत व्हॉलीबॉल शिकवायला लागल्यापासून गळ्यातली शिट्टी कधी म्हणून उतरली नाही. स्वयंपाकघरातसुद्धा. नवरा म्हणायचा, "कुकर गोंधळतो गं बिचारा."

त्यांचा नियम एकच. संघात बारा जणी, तर प्रत्येक सामन्यात बाराही जणी मैदानात उतरणार. या नियमापायी शाळेच्या चषकांच्या कपाटात वर्षानुवर्षं नवा कप आला नाही. नियम कुठून आला, ते त्या कुणाला सांगत नसत.

हा नियम नव्हता तेव्हा त्यांची लेक याच संघात होती. उंच, हाताची चांगली. पण आईच्या वशिल्यानं खेळते असं कुणी म्हणायला नको, म्हणून बाईंनी तिला तीन वर्षं राखीव ठेवलं. शेवटच्या वर्षी अंतिम सामन्यात एकीचा पाय मुरगळला. लेक बाकावरून उठली, गुडघ्यावरच्या पट्ट्या नीट केल्या. आईनं तिच्या शेजारच्या मुलीला हाक मारली.

तो सामना जिंकला. घरी बाई संघाचे शर्ट भिजवायला बसल्या, तेव्हा लेकीनं आपला बाजूला काढला.

"हा राहू दे. घामच लागलेला नाही."

त्यानंतर तिनं चेंडूला हात लावला नाही.

यंदा बऱ्याच वर्षांनी संघ अंतिम फेरीत पोचला. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. "उद्या तेवढा तुमचा नियम गुंडाळून ठेवा. कप आला नाही तर संघ नव्या सरांकडे द्यावा लागेल. मलाही वर उत्तरं द्यायची असतात."

"बघते," बाई म्हणाल्या.

शेवटच्या सेटमध्ये तेरा-तेरा झाले आणि सर्व्हिस आपल्याकडे आली. बारा जणींतली एक चष्मेवाली तेवढी अजून मैदानात उतरायची होती. सराव कधी न चुकवणारी, पण तिची सर्व्हिस नेटपलीकडे जाईलच याची खात्री नाही. बाईंनी तिला खूण केली.

कॅप्टन धावत आली. "बाई, नंतर घ्या ना तिला."

"नंतर कधी?"

सर्व्हिस नेटमध्ये गेली. पुढचा गुणही गेला, आणि सामनाही. पहिल्या रांगेतून मुख्याध्यापिका उठून गेल्या.

रविवारी लेक माहेरी आली. दोघी मटार सोलत बसल्या.

"हरलात म्हणे."

"हो. संघही गेला."

"त्या चष्मेवालीमुळे?"

"तिच्यामुळे कशाला? मी उतरवलं तिला."

"रडली का?"

"खूप. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर."

लेकीनं दोन-तीन शेंगा सोलल्या. "माझ्या वेळी का नाही सुचलं तुला हे?"

"लोक काय म्हणतील, याची भीती वाटली."

"कुठे आहेत आता ते लोक?"

बाई उठल्या. कपाटातून एक शर्ट घेऊन आल्या. निळा, पाठीवर बारा नंबर.

"अजून ठेवलायस?" लेकीनं हात पुसले, शर्ट उलगडला, छातीशी धरून पाहिला. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"होत नाही आता मला," ती म्हणाली. मग तिनं तो जुन्याच घड्यांवर घडी घालून आईच्या हातात दिला आणि सालं गोळा करायला लागली.