लग्न कुणाचं लागलं?

"तुमी हलू नका, हलायचं काम माझं," असं म्हणून ते कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि खरंच एका जागी ठरायचे नाहीत. गुडघ्यावर बसायचे, खुर्चीवर चढायचे, भटजींच्या खांद्यावरून डोकवायचे. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. माजलगावच्या पेठेतला त्यांचा स्टुडिओ सदा उघडा आणि ते सदा बाहेर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

मी तिथल्या एका सहकारी साखर कारखान्यात कारकून होतो. कारखान्याचे सगळे फोटो चाचाच काढायचे. माझ्यापुढे जरा टेकले की लगेच उठायचे.

"बसा की चाचा."

"बसलो की अंगाला मुंग्या येतात भाऊ. लिंबागणेशला साखरपुडा हाय, निघतो."

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. धरण तळाला गेलं होतं, ऊस नव्हता, बॉयलर पेटलाच नाही. घरी लग्न करायची कुणाची ऐपत उरली नव्हती, म्हणून तुळशीचं लग्न झाल्यावर कारखान्यानं सामुदायिक विवाह ठेवला. उसाच्या गाड्या जिथं उभ्या राहायच्या, त्या रिकाम्या आवारात मांडव पडला. जोड्या चाळीस. चाचांना हुकूम होता, प्रत्येक जोडीचा एकच फोटो आणि मधे चेअरमन.

पाच-सहा फोटो झाले आणि चाचा चुळबुळत माझ्याकडे आले.

"भाऊ, नवरा त्या टोकाला, नवरी ह्या टोकाला. लगीन कुणाचं लागलं तेच कळंना. असला फोटो घरात लावतील का लोक?"

"हुकूम आहे चाचा," मी म्हणालो.

ते गेले. चेअरमनच्या जवळ नुसताच फ्लॅश उडवत राहिले. मग पंगतीतून उठणारी एकेक जोडी वजनकाट्यामागच्या पांढऱ्या भिंतीपाशी नेऊन त्यांनी फक्त दोघांचे फोटो काढले. मी पाहत होतो. गेवराईकडची एक पोर मान वर करेना.

"वर बघ बेटा. तुझ्याच लग्नाचा फोटो हाय."

तिनं वर पाहिलं आणि हसली.

फोटो ऑफिसात आले तेव्हा चेअरमन मोजून पाच-सहा फोटोंत निघाले. एक संचालक माझ्यासमोरच चाचांवर कडाडले, "तुम्हाला बोलावलं कशाला होतं?"

"लगीन त्यांचं होतं साहेब."

चाचांचं कारखान्याचं काम त्या दिवशी तुटलं. मला सगळं ठाऊक होतं, पण मी रजिस्टरात डोकं घालून बसलो. जाताना चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मान कशाला खाली घालता? तुमाला नोकरी हाय."

ते फोटो त्यांनी स्वतः गावोगाव हिंडून पोचवले. गेवराईकडच्या त्या जोडीच्या घराला मात्र कुलूप होतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दोघं ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेली होती.

"पोस्टानं पाठवा," मी म्हणालो.

"कोणत्या पत्त्यावर? उसाच्या फडाच्या?"

मुकादमाकडून ठिकाण काढून ते एसटीत बसले. चौथ्या दिवशी परतले ते धुळीनं माखून, थेट माझ्याकडं.

"भेटली का?"

"भेटली. पोरगी फोटो बघतच राहिली. म्हणली, चाचा, अंधारात उठतो, मोळ्या वाहतो, अंधारात पडतो. आमी दोघं एकमेकाकडं धड बघितलंच न्हाई. आज फोटोत बघतोय." चाचा खिडकीपाशी गेले, परत आले. "लई लोकांचे फोटो काढले भाऊ. असं कुणी बोललं नव्हतं."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, धरण भरलं, त्यापुढच्या वर्षी ऊस उभा राहिला. हंगामाच्या सुरुवातीला होणाऱ्या मोळीपूजनाच्या फोटोंना चाचांनाच बोलवा, असं मी बैठकीत उभं राहून सांगितलं. संचालक हो म्हणाले.

त्याच रात्री मला पंधरा दिवसांच्या रजेवर गावी जावं लागलं. परतलो तसा हे सांगायला थेट चाचांच्या घरी गेलो. दारात चाची बसल्या होत्या.

"चाचा कुठंयत?"

"ते तर गेले भाऊ. आठ दिवस झाले."

"कुठल्या लग्नाला?" मी सवयीनं विचारलं.

चाचींनी पदर डोळ्यांना लावला.