आक्काचं ‘व्हय व्हय’

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या आक्कावर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो. गेल्या वर्षी, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पुण्यात बसून कुणीतरी तिच्या नावापुढं हिरवी खूण केली.

आक्का विणकरांच्या घरातली. खाली माग, माडीवर तिचा कॉम्प्युटर. मोबाइलवर मराठी लिहायचा एक फुकट कीबोर्ड आहे, अनेकांनी मिळून केलेला. त्यात ‘गेलतो’, ‘आलतो’, ‘न्हाय’ लिहिलं की खाली लाल रेघ यायची, जणू आम्ही चुकूनच जन्मलोय. ती रेघ आक्कानं घालवली. ऑफिसच्या सुट्ट्या मोडून आमचं बोलणं ओळखणारा कोड तिनं लिहिला. मी पत्रकं लिहिणारा माणूस. मी शब्द गोळा करून दिले, बस्स.

लायसन्सची अट साधी होती. कुणीही घ्या, बदला, विका. पण बदललेलं पुन्हा सगळ्यांसाठी उघडं ठेवा. मग एका कंपनीला कीबोर्ड हवासा वाटला, तो मात्र कुलपात. त्यासाठी लायसन्स बदलायचं, म्हणजे कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची परवानगी पाहिजे. प्रकल्प चालवणाऱ्यांचे पुण्याहून गोडगोड संदेश आले, अमुक मुदतीत परवानगी कळवा म्हणून. कोड लिहिणाऱ्यांतल्या जांबोटीच्या एकाला ते दिसलेच नाहीत. तिथं रेंज बससारखीच, मनात आलं तर येते. त्याचं गप्प राहणं होकारात धरलं.

आक्कानं उत्तर दिलं, “व्हय व्हय, घ्या की! तुमचंच हाय न्हवं सगळं!”

निपाणीपासून खानापूरपर्यंत शेंबड्या पोरालाही कळेल की ही चप्पल आहे, फक्त अजून पायातून काढलेली नाही. पुण्यात मात्र होकाराची हिरवी खूण.

मी प्रकल्पाच्या प्रमुखांना फोन लावला.

“अरे, लेखी संमती आहे. दोनदा ‘हो’ म्हणाल्यात. वर ‘घ्या’ म्हणतात.”

“सर, तो टोमणा आहे.”

“असं कुठं लिहिलंय?”

“टोमण्याखाली ‘टोमणा’ लिहायचं असतं काय?”

“हे बघ, तुमची बोली आम्हाला फार गोड वाटते...”

गोड! याच माणसानं बेळगावात स्टेजवर सीमाभागातल्या मराठीसाठी डोळे पुसले होते. शाल आम्हीच घातली, नारळही आम्हीच दिला. आमची भाषा जगवायला निघालेत, पण त्या भाषेत बाईमाणूस नको म्हणालं तर यांना ऐकू येत नाही.

आक्काला सांगितलं तेव्हा खाली माग धडधडत होते. त्या आवाजाच्या वर ती ओरडली, “मी व्हय म्हनली? कानात बोळं घातल्यात काय रं त्यांनी?”

“आक्का, सरळ ‘न्हाय’ लिहायचं हुतंस की.”

“आता लिवते. शाळंतल्या मराठीत लिवते.”

तिनं लिहिलं: माझी परवानगी नाही, कधीच नव्हती. उत्तर आलं: मुदत संपली, नवी आवृत्ती निघाली, आपल्या योगदानाबद्दल आभार.

आता तिचाच कोड कंपनीच्या कुलपाआड चालतो. त्यात काय बदललं, काय मोडलं, हे तिलाच उघडून बघता येत नाही.

वाचणाऱ्या माणसा, हा कीबोर्ड तुझ्याही मोबाइलात असेल. हळहळू नकोस. त्याच्या चर्चेच्या पानावर जा आणि लिही: वडगावच्या बाईंची परवानगी नाही, त्यांचा कोड काढा, नाहीतर जुनं लायसन्स परत लावा. आज लिही. उत्तर येईपर्यंत रोज लिही.