वाल्मिकचं तापलेलं इंजान

“हात लाव की. लाव. चटका बसला तर माझ्या नावानं बोंब मार.”

“मी कशाला लावू रं बाबा? मला ऊन पानी दे दोन हंडं. पोरांची आंगुळ राह्यलीय.”

“या हंड्यांनीच घात केलाय, इंदूबाय. तुमी बाया ऊन पानी न्येता नि माझं इंजान तापतं.”

“आज न्येतो का आमी? लगीन होऊन आले तवापासनं न्येते. तवा नाय तापलं ते?”

वाल्मिकनं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं, तर तोंड जास्तच काळं झालं.

कशेळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर सहदेवशेटची भाताची गिरणी होती आणि तिचं इंजिन वाल्मिक चालवी. पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आडवं, काळंकुट्ट धूड, छातीएवढं चाक. धुराड्याच्या तोंडावर डबा बसवलेला, त्याची पुकपुक पार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत जाई. ती ऐकून लोक भाताची पोती बैलगाडीत टाकत. पुकपुक थांबली की बाया म्हणत, वाल्मिक जेवायला बसला.

इंजिनाच्या मागं दगडी हौद होता. हौदाच्या तळातून निघालेली नळी गार पाणी इंजिनाभोवती फिरवी आणि तापलेलं पाणी वरच्या नळीनं पुन्हा हौदात पडे. त्या धारेखाली सगळ्या आळीचे हंडे लागत. गिरणी सहदेवशेटची, पण ऊन पाणी गावाचं, असा रिवाजच पडला होता.

आणि परवापासून इंजिन तापत होतं. तासभर चालवलं की सिलेंडरवर टाकलेला पाण्याचा थेंब चुर्र करून उडे. मग बंद करा, निवू द्या, पुन्हा चाक फिरवा. पाऊस तोंडावर आलेला, चार महिन्यांचा तांदूळ भरडून घ्यायला लोकांची रांग, आणि पोती तशीच अंगणात पडलेली.

सकाळीच सहदेवशेट येऊन गेला होता. “वाल्मिक, आता लय झालं. आज परत बंद पडलं तर मी खोपोलीसनं मोटर आनतो. लाईट आलीच हाय गावात. बटन दाबलं की चालू.”

“आन मी काय करू, शेट?”

“तू लावनीला ये. मानसं कमीच हायेत.”

ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं त्या चाकाला घातली, त्याला शेट म्हणत होता, चिखलात ये. वाल्मिकला चिखलाचं वावडं नव्हतं. बापजाद्यांनी तेच केलं होतं. पण इंजिनाशिवाय वाल्मिक म्हणजे नुसता आणखी एक गडी.

तो कामाला लागला. वंगण बघितलं, बरोबर होतं. पट्टा फार ताणलाय का म्हणून सैल केला, तर तो घसरायला लागला. वर साठलेला कोंडा फुंकून, झाडून काढला. भात कमी सोडून बघितलं. तरी चुर्र ते चुर्रच. वरच्या नळीची धार मात्र अंगठ्याएवढी पडायची ती करंगळीएवढी झाली होती. म्हणजे आत क्षार धरलाय, असं त्यानं ठरवून टाकलं. क्षार म्हणजे इंजिन खोलणं, आणि खोलणं म्हणजे मोटर आलीच.

हौदात मात्र त्यानं डोकावलं नाही. शिमगा झाल्यावर त्यानं स्वतः काथ्यानं हौद घासला होता. आपण घासलेल्या भांड्यात खरकटं निघेल असं कुणाला वाटतं?

इंदूबाई हंडा भरता भरता थांबली. नाक फेंदारून म्हणाली, “वाल्मिक, रहूचा वास येतोय रं.”

रहू म्हणजे भिजवून मोड आणलेलं बियाणं. आमच्याकडे ते चिखलात फेकून पेरतात. त्याचा आंबूस वास शेतकऱ्याला झोपेतही कळतो. वाल्मिकनं हौदावर नाक नेलं. मग इंजिन बंद केलं, पैरण काढून कुडावर टाकली.

“तोंड फिरव गं तिकडं.”

“मोठा लागून गेलास बघन्यासारखा,” इंदूबाई म्हणाली, पण फिरली.

तो पाण्यात उतरला, पायानं तळ चाचपला आणि बुडी मारली. वर आला तो गोणपाटाचं गाठोडं घेऊन. दगड बांधून बुडवलेलं ते गाठोडं फुगून नेमकं नळीच्या तोंडावर जाऊन बसलं होतं. गोणपाटाच्या विणीतून पांढरे मोड डोकावत होते. वर हिरव्या लुगड्याच्या काठाची गाठ. ते लुगडं सगळ्या गावाला माहीत होतं.

आनंदीबाई, सहदेवशेटची आई, पाय शेकायला म्हणून रोज हौदापाशी येऊन बसे. आताही ती काठी टेकत आलीच.

“काकी, माझ्या पोटावर दगड ठेवलास की गं.”

“मला काय ठावं तुजी नळी तिथंच हाय ते? वर ठेवलं तर शिजलं असतं. खाली कोंबट पानी, बेस मोड येतात.” मग आवाज उतरवून म्हणाली, “सहदेवला सांगू नको. औंदा समदं नवं बी पेरनार म्हनतो. माजं जुनं पटनी भाताचं बी उंदरांना घाल म्हनला.”

“तो माझ्या जागी मोटर आनतोय, काकी.”

“मोटर? मंग ऊन पानी कुठनं?”

तेवढ्यात सहदेवशेट आला. ओलाचिंब वाल्मिक, गाठोड्यावर पदर पसरून बसलेली आई, आणि वरच्या नळीकडे मान वळवलेली इंदूबाई.

“काय निघालं?”

“नळीच्या तोंडाशी भात अडकलं व्हतं.”

“भात? कुनाचं?”

“भाताची गिरनी हाय, शेट. मासं अडकायचं का?”

शेटनं आईकडे बघितलं. तिच्या कोपराला एक पांढरा मोड चिकटला होता. शेट वाकला, बोटानं मोड काढला, बघितला आणि टाकून दिला.

“खालचं वाफं पेरायला मोकळंच हायेत,” तो कुणाकडेही न बघता म्हणाला. “चालू कर रं. परत तापलं तर मंग मोटरीचं बोलू.”

मोटर पुढं बऱ्याच वर्षांनी आली. तिला ना धुराडं, ना धार. आळीतल्या बायांनी पाण्यासाठी चुली पेटवल्या आणि वाल्मिक कधी जेवायला बसतो ते कुणाला कळेनासं झालं.

पण त्या दिवशी त्यानं गाठोडं हौदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, नळीपासून लांब, खुंटीला बांधून अर्धं पाण्यात सोडलं. पैरण अंगात अडकवली, तळहातावर थुंकला आणि चाकाला हात घातला. दोन-तीनदा ढेकर दिल्यासारखं करून इंजिनानं पुकपुक धरली. थोड्या वेळानं वरून अंगठ्याएवढी धार पडली.

“लाव हंडा,” तो इंदूबाईला म्हणाला, आणि पहिलं पोतं उचलायला गेला.