नाना मुळापासून सांगतात

अख्ख्या खानदेशात माझ्या चुलत्यांइतका, म्हणजे नानांइतका, गोष्टीच्या सुरुवातीला घट्ट धरून बसलेला माणूस दुसरा नसेल. अमळनेरची गाडी किती वाजता, असं विचारलं तर नाना गावात सडक कशी आली तिथून निघतात. तोवर गाडी अमळनेरला पोचून परतही फिरते. भाजी खारट झाली म्हणायचं तर आधी वांग्याचं रोप कुणाच्या वावरातून आलं ते सांगतात, आणि काकू ताट उचलून नेतात.

मी घरातला पहिला बी.ए., तोही तत्त्वज्ञानात. ‘आरंभ’ या विषयावर कॉलेजात निबंध लिहिलेला, त्यामुळे नानांना शिकवायचा अधिकार मला आपोआपच आला होता. म्हटलं, “नाना, कशालाच खरी सुरुवात नसते. प्रत्येक सुरुवातीच्या आधी काहीतरी असतंच.” नाना खूश. “मंग मी तेच सांगस ना!” म्हणाले, आणि त्या दिवसापासून आणखी एक पिढी मागे जायला लागले.

पुढे शिंदखेड्याची मंडळी सोयरिकीसाठी आली. मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि मला वडील नसल्यामुळे आमच्याकडून बोलणार नाना. मी बजावलं, “माझ्या डिग्रीपासून सुरू करा. आजीची मजुरी काढू नका.”

“पाया सोडीसन धाबं बांधस का कोनी?” नाना वर मातीच्या छताकडे बोट दाखवत म्हणाले.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, “पोर्‍या काय करस?”

“येनी आजी दुसराना वावरमां कापूस वेचे...” नानांनी सुरू केलं. मी भिंतीवरची डिग्री खाली पडेल इतक्या जोरात खाकरलो. उपयोग शून्य. उसनं पीठ, गळकं छप्पर, उपाशी झोपलेली पोरं, नानांनी सगळं काढलं. चहा गार झाला, ऊन उतरलं, शिंदखेड्याची शेवटची एसटी गेली. नाना अजून आजोबांच्या लग्नात होते.

आमच्याकडे सोयरीक ठरल्याशिवाय मुलीकडचे जेवत नाहीत. जेवले म्हणजे होकार. पण पाहुण्यांना उपाशी कसं ठेवायचं? काकूंनी भरीत, कळण्याची भाकर वाढली. कुणी हात लावेना. मुलीचे वडील ताटाकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “नाना, आमनी माय बी कापूसच वेचे.” आणि भाकर मोडली.

आता नाना थकलेत. माझ्या मुलीला घराण्याची गोष्ट सांगायला बसतात आणि मध्येच त्यांचा डोळा लागतो. मी जन्मायचा राहून जातो. मग पांघरूण घालून पुढचं मीच सांगतो. फार नाही, एवढंच, की आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवीधर झालं.