चूलबंद नाना

नानांनी एकदा एका कॅमेऱ्याला जेवणाचं आवतन दिलं होतं. नंदनवन कॉलनीतल्या एका बंगल्याचं फाटक कुणी उघडेना. तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "परवा अण्णांच्या नातीचं लगीन हाय. चूलबंद आवतन हाय तुम्हाला. जेवल्याशिवाय कामाला जायचं न्हाई." मग फाटकाआड बसलेल्या कुत्र्यालाही त्यांनी हेच सगळं पुन्हा सांगितलं, कारण कॅमेऱ्यावर त्यांचा पुरता विश्वास नव्हता.

आमच्या परतूरकडे चूलबंद आवतन म्हणजे घरातलं तान्हं लेकरू, म्हातारं माणूस, आदल्या दिवशी आलेला पाहुणा, सगळ्यांना एकजात जेवायला बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. जुन्या गावात हे आवतन दारोदार जाऊन द्यायचं काम नाना करत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. शाळेत शिपाई म्हणून जन्मभर घंटा वाजवली, त्यामुळे सगळ्या गावाला एकदम हलवायची त्यांना सवय झाली असावी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सुपाऱ्या आणि हळदीच्या अक्षता. हातात यादी कधी नसे. "यादीतून घर सुटतं, पायातून सुटत न्हाई," असं ते म्हणत. त्यांचं खरं नाव मतदार यादीत होतं, पण ते शोधायला मतदानाच्या दिवशी दरवेळी अर्धा तास जायचा, कारण त्यांच्यासकट कुणालाच ते पटकन आठवत नसे.

माझा धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. म्हणजे नाना आणि मी जन्माचे प्रतिस्पर्धी. येता-जाता ते माझ्या छापखान्याच्या पायरीवर टेकायचे, नवीकोरी पत्रिका हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि विचारायचे, "लेका, कागदाला भूक लागती का?" मी म्हणायचो, "नाही." "मंग त्याला कशाला धाडून राह्यला जेवायला बोलवायला?" हा प्रश्न पंचवीस वर्षं चालला. मी चहा सांगायचो.

एकदा मात्र चहा पिता पिता त्यांनी वेगळंच सांगितलं. तरुणपणी, नुकतंच हे काम अंगावर घेतलं तेव्हा, वेशीजवळच्या एका विधवा बाईचं दार बंद दिसलं म्हणून ते पुढे गेले. परत फिरून येऊ म्हणाले आणि विसरले. बाई पाणी आणायला गेली होती. सगळ्या गावाला चूलबंद आहे हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने चूल पेटवली नाही. पण बोलावल्याशिवाय जायचं कसं, म्हणून जेवायलाही गेली नाही. दोन लेकरं घेऊन दिवसभर दारात बसून राहिली. "मी संध्याकाळी तिकडून आल्तो," नाना म्हणाले, "तर ती मला म्हणती, नाना, पंगत अजून बसली न्हाई का?" एवढं बोलून त्यांनी बशी खाली ठेवली. तो चहा त्यांनी संपवला नाही.

पुढे गाव वाढायला लागलं. आधी सावकाश वाढत होतं, मग एकदम अंगावर आलं. कापसाच्या शेतांत चुना पडला, दगड रोवले गेले, पाट्या लागल्या. नंदनवन नावाच्या कॉलनीत झाड एकच होतं आणि तेही विजेच्या तारांखाली आलं म्हणून छाटलेलं होतं. बँकेतले, शाळेतले, पोरांच्या शिक्षणासाठी आष्टीकडून आलेले, असे लोक येऊन राहू लागले. आम्ही जुन्या गावातले लोक त्यांना सरसकट 'बाहेरचे' म्हणायचो. गाव बिघडलं ते बाहेरच्यांनी, असं आमचं ठाम मत होतं. बाहेरच्यांचं मत असं की गाव आधीपासूनच इतकं बिघडलेलं होतं तर प्लॉटचे भाव एवढे कशाला. दोघांची गाठ फक्त भाजीबाजारात पडायची, तीही कोथिंबिरीच्या जुडीवर.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी सोनेरी वर्खाची पत्रिका छापली. वडिलांना, म्हणजे अण्णांना, ती दाखवली. त्यांनी ती उशीखाली ठेवली आणि नानांना बोलावलं. "आपल्या घरचं शेवटचं कार्य हाय नाना. चूलबंद करायचं. सगळ्या गावाला."

नाना लगेच उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "गाव म्हंजी कुठवर?"

अण्णा हसले. "तुमचे पाय जातील तिथवर."

हे वाक्य अण्णांनी आयुष्यात बोललेलं सगळ्यात महागडं वाक्य ठरलं.

नाना चार दिवस चालत होते. फ्लॅटच्या तीन-तीन मजल्यांच्या जिन्यांवरून खालीवर करत होते. जिथं कुलूप दिसलं तिथं बाहेरच्या बुटात सुपारी ठेवत होते. "पायाला टोचली की माणूस इचार करतो," असा त्यांचा हिशेब. बँकेतला एक साहेब दोन दिवस लंगडत होता आणि हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या राखणदाराला आवतन, त्याच्या शेळ्यांकडे बघून "ह्यांचं बी बघू" असं आश्वासन. लोकांना आधी वाटलं, हा म्हातारा विमा विकतोय. मग वाटलं, निवडणुका आल्या.

साळवे मॅडम नव्यानेच बदली होऊन आलेल्या शिक्षिका. त्यांनी दार उघडलं आणि नाना उंबऱ्याबाहेर उभे बघून सरळ विचारलं, "बाहेरूनच सांगणार की आत येणार?" त्यांच्या आजीच्या गावात त्यांच्या वस्तीला आवतन यायचं ते रस्त्यावरून हाक मारून, आणि पंगत बसायची ती सगळ्यांत शेवटी, वेगळी. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. नाना आत गेले, खुर्चीवर बसले, पाणी मागून प्यायले, आवतन सांगितलं आणि तरीही उठेनात. मॅडमनी विचारलं, "आणखी काही राहिलं का?" नाना म्हणाले, "चहा." त्या दिवसापासून मॅडम त्यांना 'नाना' म्हणायला लागल्या, तेही आमच्यापेक्षा जास्त हक्कानं.

इथवर सगळं ठीक होतं. पण घरं संपली आणि नुसते प्लॉट सुरू झाले. नाना थबकले. घर नाही, पण घर येणार हे तर दिसतंय. उद्या येणाऱ्या माणसाला 'तुझं घर राह्यलं' असं कसं सांगायचं? त्यांनी हद्दीच्या प्रत्येक दगडावर एक सुपारी आणि चिमूटभर पिवळ्या अक्षता ठेवल्या, प्रत्येक दगडाला आवतन सांगितलं आणि घरी येऊन पाय शेकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवाले भगवानशेठ चप्पल न घालताच माझ्या छापखान्यात आले. "अहो, गिऱ्हाईक पळून राह्यलं! दगडादगडावर सुपारी अन् पिवळे तांदूळ! कुणीतरी आख्ख्या लेआउटवर भानामती केलीय!" दोन सौदे मोडले होते. एका मालकाने तर जालन्याहून येताना हसनाबादचा एक मांत्रिक गाडीत घालून आणला होता. मी नानांना घेऊन तिकडे पळालो. मांत्रिक दगडाभोवती लिंबं मांडून डोळे फिरवत होता आणि मालक घाम पुसत होता. नाना शांतपणे पुढे झाले आणि मालकाला म्हणाले, "तुमचाच का प्लॉट? बरं झालं आलात. आवतन ठेवलंच होतं, तोंडी सांगायचं राह्यलं होतं." मग मांत्रिकाकडे वळले. "तुम्हाला बी हाय. लिंबं घेऊन या, पंगतीला कमी पडून राह्यलेत." मांत्रिक दुसऱ्या दिवशी खरंच आला. लिंबं घेऊन आला.

आणि सगळेच आले. जुनं गाव आलं, नवं गाव आलं, प्लॉटचे मालक सहकुटुंब आले, कॅमेरावाल्या बंगल्यातला माणूसही आला. कुत्रं तेवढं आलं नाही. तिसऱ्या पंगतीला भात संपला, मग वरण, मग बुंदी. मी आचाऱ्यावर ओरडत होतो, अण्णा एका कोपऱ्यात खुर्चीत बसून देवाचं नाव घेत होते. नाना मांडवाच्या दाराशी हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला म्हणाले, "ह्या सगळ्यांच्या चुली माझ्या शब्दावर बंद हायेत. ती बाई पुन्हा दारात बसलीय असं वाटून राह्यलंय मला."

साळवे मॅडम शेजारीच उभ्या होत्या. कोणती बाई, हे त्यांनी विचारलं नाही. त्या मागे वळल्या आणि कॉलनीतल्या बायकांना वर्गावर ओरडावं तसं म्हणाल्या, "चला गं, घरी जा आणि गॅस पेटवा!" नानांनी "चूलबंद हाय, चूलबंद हाय" म्हणत त्यांना अडवायचा प्रयत्न केला, पण त्यांचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही. अर्ध्या तासात स्कूटींवरून पातेली यायला लागली. कुणी पिठलं, कुणी पोहे, बँकेच्या साहेबांच्या घरून इडल्या, आणि जिच्या घरात दुसरं काहीच नव्हतं तिच्याकडून लेकरांच्या नूडल्स. जुन्या गावातले फेटेवाले म्हातारे पंगतीत बसून पत्रावळीवर नूडल्स चिवडत होते. अण्णांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "शेवयांत साखर इसरले, पण चांगल्यायत."

त्या दिवशी उपाशी कुणी गेलं नाही. आणि 'बाहेरचे' हा शब्द मला वापरायला जड जायला लागला, हे कबूल करतो. ज्या माणसाच्या घरचं पिठलं आपल्या पोरीच्या लग्नात वाढलं, त्याला बाहेरचा म्हणायचं तर आपण कुठं उभे आहोत ते आधी बघावं लागतं. भगवानशेठचं वेगळंच झालं. मोडलेले सौदे परत जुळले, आणि ते नवीन गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "नानाचं आवतन पडलेला प्लॉट हाय, डोळे मिटून घ्या."

गेल्या दिवाळीनंतर नाना अंथरुणाला खिळले. बायको आधीच गेली होती, मुलगा पुण्याला. मी आणि साळवे मॅडम आळीपाळीने जायचो. शेवटी शेवटी त्यांचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर यायचं. रेल्वेच्या पटरीपलीकडे नवा लेआउट पडला होता. "पटरीपलीकडं राह्यलंय," ते म्हणायचे. "तिकडं गेलोच न्हाई मी. एक घर राह्यलं तर काय तोंड दाखवू?" कुणाचं लग्न, कसलं आवतन, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "बरे व्हा, मग जाऊ," असं मी म्हणायचो. ते बरे झाले नाहीत.

तेराव्यासाठी मुलगा माझ्याकडे आला. भला मुलगा, पण धांदलीत होता. "काका, पन्नास पत्रिका छापा. बाकीच्यांना मोबाइलवर टाकू. एवढ्या मोठ्या गावात आता कुणाकुणाला सांगणार?" मी मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाईक परत पाठवलं. साळवे मॅडम तिथेच होत्या. म्हणाल्या, "तेराव्याचं वगैरे आमच्यात काही नसतं. पण नानांच्या जेवणाचं कॉलनी बघेल. तुम्ही आवतनाचं बघा."

मी टोपी घातली आणि नानांची पिशवी खांद्याला लावली. दोन दिवस जुनं गाव आणि कॉलन्या पालथ्या घातल्या. कुठे चहा प्यायलो, कुठे बुटात सुपारी ठेवली. पाय सुजले. तिसऱ्या दिवशी सकाळी पटरी ओलांडली.

पलीकडे एकही घर नव्हतं. नुसते चुन्याचे पट्टे आणि दगड. पहिल्या दगडापाशी वाकलो आणि तसाच राहिलो. दगडाच्या खाचेत एक सुपारी होती. पावसाने धुतलेली, रंग उडालेली, तिच्याखाली हळदीचा पुसट डाग. दुसऱ्या दगडावर होती. तिसऱ्यावरही. मी लेआउटच्या शेवटच्या दगडापर्यंत गेलो. सगळीकडे सुपारी होती. नाना येऊन गेले होते. कुणाचं कार्य नसताना, आजारी पडण्याआधी कधीतरी एकटेच एवढ्या लांब आले होते आणि विसरले होते. नाना, काही राहिलं नव्हतं हो. मला तिथे रडू आलं, आणि सांगायला तर कुणी उरलं नव्हतं.

मी प्रत्येक जुन्या सुपारीशेजारी एक नवी ठेवत निघालो. तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. तरुण नवरा-बायको, हातात प्लॉटचा नकाशा. दगडावरची सुपारी आणि माझे ओले डोळे बघून बायको दोन पावलं मागे सरकली. नवऱ्याने दबकत विचारलं, "काका, हे काय करून राह्यले तुम्ही?"

मी टोपी सारखी केली.

"तुमचाच का प्लॉट? बरं झालं आलात. उद्या नानांच्या घरी चूलबंद आवतन हाय तुम्हाला. जेवल्याशिवाय कामाला जायचं न्हाई."