पीठ तेच

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज सकाळी सुनेने आप्पे केले आणि उरलेल्या पिठाचा डोसा घातला. इकडे फुगीर गोळे, तिकडे सपाट डोसा. मी बघत राहिलो तशी ती म्हणाली, "पीठ तेच आहे हो, बाबा!"

मी प्राध्यापक असताना आमच्या प्रयोगशाळेत सुषमा नावाची विद्यार्थिनी डुकराच्या भ्रूणातल्या मूळ पेशी वाढवायची. शरीरातलं काहीही होऊ शकतील अशा पेशी. उंदराच्या अशा पेशींचे पुंजके फुगीर असतात. तिचे सपाट आले.

"बिघडल्यात. टाकून दे," मी म्हणालो.

"सर, डुक्कर म्हणजे मोठा उंदीर नव्हे!"

सगळे हसले, ते मला लागलं. मी तिची वर्षभराची मेहनत टाकायला लावली. ती संशोधनच सोडून गेली. पुढे कळलं, डुकराच्या या पेशी सपाटच वाढतात. काहीही होऊ शकणाऱ्या गोष्टीचा आकार मी आधीच ठरवून बसलो होतो.

नंतर एका लग्नात ती भेटली. "सर, ओळखलंत ना?"

"हो तर," म्हणत मी जेवणाच्या रांगेकडे वळलो. ओठांवरच राहिलेलं वाक्य एवढंच होतं: "सुषमा, तुझ्या पेशी चांगल्याच होत्या. चुकलो मी."