चांगल्या हाताला पिशवी

लोटू महाजन पारोळ्याकडून सुरतेला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढची एकतीस वर्षं त्याने उधन्याच्या एका कारखान्यात माग चालवले. आठ माग एकटा सांभाळायचा. कुठल्या मागावर धागा तुटला हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो गाठ मारून मोकळा व्हायचा. घर गोडादऱ्यात. घरी आल्यावर मात्र खाटेवर बसायचा, आणि पाणी, ताट, टॉवेल, उशी असं एकेक त्याच्याकडे चालत यायचं. आणून देणारी त्याची बायको, उषाबाई.

गेल्या वर्षी एका सकाळी दात घासताना त्याच्या उजव्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला, तर हात त्याच्याबरोबर आलाच नाही. लकवा. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून तो स्वतःच्या पायांनी घरी आला, बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात तेवढा मागे राहिला. दोन महिन्यांनी बोटं जराशी हलायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्याला पल्लवी मॅडमकडे पाठवलं.

पल्लवी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. आजाराने मंदावलेला हात रोजच्या कामांतून पुन्हा चालता करायचा, हे तिचं काम. आईवडील नंदुरबारचे, ती जन्मली सुरतेत. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायची आणि आपसूक परत यायची. तिच्याकडे एक फॉर्म होता. त्यात दोन रकाने होते, ‘आजारापूर्वी’ आणि ‘आता’.

“काका, चहा करता येतो?”

“नाही.”

“लकवा व्हायच्या आधी?”

“आधीबी नाही.”

“भाजी चिरणं? कपडे वाळत घालणं? अंथरूण काढणं?”

लोटू प्रत्येक वेळी मान हलवत गेला. जेवण, आंघोळ आणि कपडे घालणं सोडलं तर पहिल्या रकान्यात शून्यांची रांग लागली. सगळे मिळून अकरा गुण झाले.

“मग आधी हात करायचे तरी काय?” पल्लवीने विचारलं.

“बारा तास माग चालवायचे.”

“आणि घरात पाय ठेवला की झोपायचे,” उषाबाई म्हणाली. “ह्यांच्या हातांना घरापुरता लकवा जुनाच आहे, मॅडम.”

पल्लवीने आधी त्याला प्लास्टिकचे शंकू इकडून उचलून तिकडे ठेवायला दिले. लोटूने तासभर ते इमानाने केलं. मग तिने तेच शंकू पुन्हा इकडे ठेवायला सांगितले, तेव्हा त्याने विचारलं, “ह्यातून माल काय तयार होतो?” दुसऱ्या दिवसापासून तिने शंकू बंद केले आणि त्याला घरातली खरी कामं लावून दिली. सोबत आणखी एक गोष्ट सांगितली. रोज सहा तास डाव्या, म्हणजे चांगल्या हाताला पिशवी बांधायची.

“चांगल्याला?” उषाबाईने विचारलं.

“हो. तो मोकळा राहिला तर उजव्याला कामच करू देणार नाही. आणि काकू, तुम्ही मदत करायची नाही. काही सांडलं, काही फुटलं, तरी बसून राहायचं.”

उषाबाईने साडीच्या चिंध्या भरून फुलाफुलांची एक जाड पिशवी शिवली. लोटूचा डावा हात तिच्यात घालून मनगटाला नाडी बांधली आणि त्या दिवसापासून गल्लीची मती गुंग झाली. जो तो डाव्या हाताची चौकशी करायचा. नवापूरहून आलेल्या त्याच्या मावशीने तर पिशवीवरूनच तेल चोळलं.

“मावशी, हाऊ हात चांगला शे,” लोटू कळवळून म्हणाला.

“व्हयी, व्हयी चांगला,” मावशी धीर देत म्हणाली आणि आणखी तेल ओतलं.

कारखान्यात भेटायला गेला तर शेठनेही तेच विचारलं.

“डाव्याला काय झालं?”

“काही नाही. तो चांगला आहे.”

“मग बांधला कशाला?”

“चांगला आहे म्हणून.”

शेठने त्याच्यासाठी लिंबूपाणी मागवलं.

पहिला चहा व्हायला सव्वा तास लागला. लोटूने साखरेचा डबा छातीशी धरला, झाकण उजव्या हाताने ओढलं, आणि अर्धी साखर फरशीवर गेली. उषाबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून खाटेवर बसली होती. मध्येच उठून दारापर्यंत गेली, परत आली, झाडलेली जागा पुन्हा झाडू लागली. चहा होईपर्यंत नुसतं बसायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी लोटूने उजव्या हाताने कप तिच्यासमोर धरला. ह्या घरात तिच्या हातात दुसऱ्या कुणी केलेला चहा कधी आला नव्हता. ती घोटभर प्यायली.

“कसा शे?” लोटूने विचारलं.

“गरम शे,” ती म्हणाली. मग रिकामा होईपर्यंत तिने कप खाली ठेवला नाही.

महिनाभरात लोटू वांगी चिरू लागला, घरासमोरच्या ओट्यावर कपडे वाळत घालू लागला. समोरच्या वत्सलाने हे आठवडाभर पाहिलं आणि तिने आपल्या नवऱ्याला, हेमराजला, पल्लवीसमोर नेऊन उभं केलं. हेमराज टेम्पो चालवायचा. अंगाने असा धडधाकट की दवाखान्यात लोक त्याला वाट करून देत होते.

पल्लवीने त्याचे दोन्ही हात तपासले. “त्रास काय आहे?”

“घरात चालत नाहीत,” वत्सला म्हणाली.

पल्लवीने नाइलाजाने फॉर्म काढला आणि प्रश्न विचारले. गुण झाले नऊ.

“लोटूभाऊचे किती?” हेमराजने विचारलं.

दुसऱ्याचे गुण सांगता येत नाहीत, असं पल्लवी म्हणाली, पण बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या लोटूने स्वतःच सांगितलं, “तेवीस.”

हे हेमराजच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन त्याने कांदा चिरायला घेतला आणि बोट कापून घेतलं. खोट आपल्यात नाही, पिशवी नसल्यामुळे असं होतंय, हे त्याने गल्लीत सगळ्यांना पटवून दिलं. मग उषाबाईला त्याच्यासाठी पिशवी शिवावी लागली. त्याचं बघून आणखी दोघांच्या बायकांनी चिंध्या आणून दिल्या.

पुढच्याच आठवड्यात तापाच्या पाहणीसाठी आरोग्य खात्याची एक बाई गल्लीत आली. तिला चार पुरुष डाव्या हाताला फुलाफुलांच्या पिशव्या बांधून उजव्या हाताने कपडे वाळत घालताना दिसले. तिने वही काढली.

“हे कधीपासून आहे?” तिने वत्सलाला हिंदीत विचारलं.

“आठ दिवसांपासून.”

“एकाचं दुसऱ्याला लागतं?”

“लागतं,” वत्सला अभिमानाने म्हणाली. “पण हळूहळू.”

त्या बाईने चौघांचाही ताप मोजला, पाण्याच्या टाक्यांत वाकून पाहिलं आणि जाताना उषाबाईला बजावलं की पाणी उकळून प्या. “उकळायला ह्यांनाच सांगते,” उषाबाई म्हणाली.

हेमराजची पिशवी पंधरा दिवसांत सुटली. टेम्पोचं स्टिअरिंग एका हाताने वळेना. बाकीच्या दोघांचीही सुटली. लोटूची सुटायला तीन महिने लागले. शेवटच्या तपासणीत त्याचे गुण चौतीस झाले. पल्लवीच्या वरच्या साहेबांनी कागद परत पाठवला: काहीतरी चूक आहे, रोगी आजारापूर्वीच्यापेक्षा बरा कसा होईल? पल्लवीने आकडे पुन्हा तपासले, खाली सही केली आणि तोच कागद पुन्हा पाठवला.

माग मात्र लोटूला परत मिळाले नाहीत. त्याने उजव्या हाताने बारीक धाग्याला गाठ मारून पाहिली, दहा वेळा, वीस वेळा. धागा बोटांत राहीना. शेठने त्याला कापड तपासायला बसवलं. तिथे डोळे लागतात, गाठी लागत नाहीत. पहिले काही दिवस मागांच्या आवाजात त्याला धागा तुटल्याचं ऐकू यायचं आणि तो उठून उभा राहायचा. मग कुणीतरी दुसराच कारागीर धावत जायचा.

दिवाळीनंतर उषाबाई आठ दिवस माहेरी गेली. चार दिवसांचं खायला करून न ठेवता ती पहिल्यांदाच निघाली होती. तिसऱ्या दिवशी लोटूचा फोन आला.

“हिंग कुठे आहे?”

“मला काय माहीत?” उषाबाई अंगणात सुपारी कातरत म्हणाली. “तुम्हीच ठेवलाय.”

पलीकडून डबे हलवल्याचा आवाज येत राहिला. तिने फोन ठेवला नाही. सुपारी कातरत ऐकत राहिली.